हॉट प्रेसमधल्या फुलवाती

त्या वर्षी माझ्या हातून काही म्हणून चिकटलं नाही. चहाचा चोथा चिकटला नाही. जुन्या कीबोर्डच्या कळा चिकटल्या आणि आठवडाभरात एकेक करून गळून पडल्या. हळदीत पांढरा गोंद कालवून मी एक मोठं वर्तुळ रंगवलं, ते खिडकीत ठेवलं, तर आयर्लंडच्या उन्हात, ज्याला आपल्याकडे कोणी ऊन म्हणणार नाही, पंधरवड्यात त्याचा रंग उडाला.

मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. चित्रकलेशी संबंध शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला 'क' श्रेणी मिळाली तिथेच संपलेला. पण २०२०च्या उन्हाळ्यात ऑफिस बेडरूममध्ये येऊन बसलं आणि संध्याकाळ झाली तरी डोळ्यांपुढून स्क्रीन हलेना, तेव्हा मी एका कलाकेंद्राच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. मिश्र माध्यमांचा वर्ग. शिकवणारी बाई आयर्लंडच्या दक्षिणेची, कॉर्ककडची, मोकळी, दर वाक्याला 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणणारी. तिचा नियम एकच. दुकानातून काही आणायचं नाही, घरात असेल त्यातून करायचं.

घरात बायको होती, मुलगी होती आणि आई होती. आई फेब्रुवारीत अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे आमच्या आयर्लंडमधल्या, ओंगारच्या घरात अडकली. ताई, माझी मोठी बहीण, तिकडे सरकारी दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी कोविडच्या वॉर्डात लागली त्या दिवशी आईने नवस बोलला. पोरगी यातून सुखरूप निघाली तर परत गेल्यावर देवीपुढे लाख फुलवाती लावीन. गावाकडचा कापूस तिने पिशवीतून आणलाच होता. तो संपल्यावर मी औषधाच्या दुकानातला आणून दिला. "याले जीवच नाही," ती म्हणाली, पण वळत राहिली. शंभर वाती झाल्या की एका वाडग्यात राजम्याचा एक दाणा. पिशवी भरली की तोंडाला लाल दोरा.

मी मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये काम करत असे. गव्हाचा चीक काढून त्याची खळ केली आणि कागदांचे थर चिकटवले. चीक कसा काढायचा ते आईनेच सांगितलं. आठवड्यात त्यावर हिरवी बुरशी आली.

"कुरडयाच्या चिकाचं असं वाट्टोळं पह्यल्यांदाच पायलं बाप्पा," आई म्हणाली. "ऊन पायजे त्याले. हितं ऊन हाय कुठी?"

ऊन नव्हतं, पण हॉट प्रेस होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याची टाकी ज्यात असते ते जिन्यावरचं कपाट, घरातली एकमेव खरोखर कोरडी जागा. मी माझी कामं चिकटवलेल्या फळ्या वाळायला तिथे ठेवू लागलो. खालच्या कप्प्यात आईच्या पिशव्या होत्या.

इथल्या दलदलीच्या माळांवर उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक गवत उगवतं. काळ्या मातीवर बारीक काडी आणि टोकाला कापसाचा पांढरा झुबका. लॉकडाउनच्या आदल्या वर्षी आम्ही ते गाडी थांबवून पाहिलं होतं. हॉट प्रेसचं दार उघडं, समोर उघड्या पिशवीत फुलवाती, आणि मला तो माळ दिसला. शेकोटीत जाळायच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा घरात होत्याच. त्या कुटून, गोंदात कालवून काळी जमीन करायची आणि तीत वाती रोवायच्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी सुचलं होतं. मी मूठभर वाती घेतल्या.

विचारलं असतं तर तिने दिल्या नसत्या असं नाही. नवसाच्या नसत्या दिल्या, वेगळ्या वळून दिल्या असत्या. पण मग ती म्हणाली असती, दाखव काय करून राह्यला ते. आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने आईला बुरशी किती वेळा दाखवायची?

पीटचं तपकिरी पाणी वातींत चढलं. सकाळी सगळा माळ चहात बुडवल्यासारखा झाला होता. पुन्हा मूठभर. या वेळी वाती आधी भिंतीच्या भेगा बुजवायच्या लांबीत बुडवल्या, त्या वाळून खडूसारख्या मोडल्या. पुन्हा मूठभर. मिठाचं पाणी, नेलपॉलिश, मुलीच्या केसांचा स्प्रे. गोंद लागला की वातीचं टोक बसायचं आणि फुलवात ओल्या बोळ्यासारखी दिसायची. मी चिडून फळी खरवडायचो, सगळं कचऱ्यात टाकायचो आणि जिना चढून हॉट प्रेस उघडायचो. उघडी पिशवी उतरली तेव्हा मी बांधलेली सोडली आणि लाल दोरा होता तसा परत बांधला. दोरा बांधताना मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतोय ते.

दिवाळीनंतर आईने सगळ्या पिशव्या जिन्याजवळच्या कार्पेटवर मांडल्या आणि मोजायला बसली.

"पाय ना रे. राजमे जास्त होऊन राह्यले अन् वाती कमी."

"उडाल्या असतील, आई. कापूसच तो."

"उडाल्या? खिडक्या तं तू उघडू देत नाहीस, हीटिंग जाते म्हनून."

तिने पुन्हा मोजल्या. नंतरच्या महिन्यात पुन्हा, आणि तेव्हा तफावत आणखी वाढलेली. तिने पिशव्यांचे दोरे पुन्हा बांधले. मग म्हणाली, "मोठ्या मायसारखं होऊन राह्यलं मले." मोठी माय म्हणजे तिची थोरली बहीण. शेवटच्या वर्षांत ती पोटच्या पोरांना विचारायची, तुम्ही कोणाचे रे?

तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी चहा टाकला.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "अरे, आईंना आपल्या जीपी डॉक्टरांना दाखवू या. लवकर कळलेलं बरं असतं." मी हो म्हणालो. नाही म्हणायला जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत डॉक्टरीणबाई लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या. आईने त्यासाठी इस्त्रीची साडी नेसली होती. दुभाष्या मी. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या देशात आहोत. आई नीट, सावकाश उत्तरं देत होती, शाळेत उभं केल्यासारखी. ऋतू कोणता, असं विचारल्यावर मात्र तिने खिडकीकडे पाहिलं.

"ऋतू? हे तिलेच सांगता येते का इचार. सकाळपासून चार झाले."

डॉक्टरीणबाई खूप हसल्या. मग एक पत्ता लक्षात ठेवायला सांगितला, त्यातलं गल्लीचं इंग्रजी नाव आईला परत सांगता आलं नाही. वयाच्या मानाने थोडं विसरणं असतं, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असं त्या म्हणाल्या.

"काय म्हनते?"

"सगळं ठीक आहे म्हणतात."

"मंग वाती कुठी गेल्या, इचार तिले."

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हणालो, थँक यू म्हणतेय.

आणि त्यानंतरही मी थांबलो नाही. फेब्रुवारीत मला जमलं. मेण वितळवून त्यात वातीचा फक्त तळ बुडवायचा, गार झाल्यावर रोवायची. पीटचं पाणी मेणाला ओलांडत नाही, टोक मऊ आणि पांढरं राहतं. संपूर्ण फळी, काळी जमीन, वर वाऱ्याने एका बाजूला कललेला कापूस. मी शेडमध्ये उभा राहून ती किती वेळ पाहत होतो. फोटो पाठवला तर शिकवणारी बाई म्हणाली, इतके महिने तू याच्याच मागे होतास. कलाकेंद्र बंदच होतं, पण त्याच्या रस्त्याकडच्या काचेत एप्रिलअखेर कामं मांडणार होते. माझं निवडलं गेलं.

घरात तोवर आई हळूहळू कमी होत चालली होती. गोळ्यांचा डबा तिने स्वतःहून बायकोकडे दिला. "मले गॅसजवळ जाऊ देऊ नका," म्हणाली. नातीशी बोलताना वाक्य अर्ध्यात सोडायची, चुकेल म्हणून. मुलगी इंग्रजीतून म्हणायची, आजी, तू अगदी ग्रँड आहेस. आई मान हलवायची. वाती वळणं सुरू होतं, पण एक वळायची आणि तिच्याकडे बघत बसायची.

एप्रिलमध्ये तिकडे दुसरी लाट आली. ताईला घरी जायलाही मिळत नव्हतं. एके दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. डोळ्यांखाली मास्कचे वळ. तिने हसून विचारलं, "आई, कितीक झाल्या माह्या वाती?"

"सोडल्या मी," आई म्हणाली.

"कायले?"

"हिशेब लागत नाही मले. चुकीचा नवस देवीपुढं नेऊ का? तुह्याच जिवावर येईन."

फोन ठेवल्यावर तिने वाडगं उचललं आणि राजमे भाजीच्या डब्यात ओतायला निघाली. मी तिच्या हातातून वाडगं घेतलं. शेडमध्ये गेलो, फळी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"या तुझ्या वाती आहेत. मी घेतल्या. दिवाळीच्या आधीपासून घेतोय."

मुलगी फ्रिजपाशी उभी होती. ती इंग्रजीतून एवढंच म्हणाली, डॅड, नो.

आईने चष्मा लावला. एका टोकाला बोट लावलं, खाली मेण आहे ते नखाने पाहिलं. मला वाटलं ती रडेल किंवा मारेल. तिने खुर्ची ओढली. "पिशव्या आन," ती नातीला म्हणाली, "अन् तू, कचऱ्यात किती टाकल्या ते खरं सांग."

मी सांगितलं, मुठींच्या हिशेबाने. तिने माझी मूठ उघडून घेतली, तीत वाती भरल्या, मोजल्या. मग पिशव्या. मग फळी, ओळीओळीने, ओठ हलवत. बायको कामावरून उठून आली आणि दारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत ते चाललं. थोड्याफार इकडेतिकडे सोडल्या तर राजम्याचा हिशेब लागला.

"म्हंजे माह्यं बरोबर होतं," आई म्हणाली. दोनदा म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "चोरल्याचं काही नाही. लहानपनी गूळ चोरत होतास. पन त्या डॉक्टरीनपुढं मले येड्यावानी बसवलं, अन् तू बाजूले बसून मले इचारून राह्यला, आज वार कोन्ता? तुले ठाऊक होतं ना रे?"

"हो."

"मंग?"

मी फळीकडे पाहिलं. फळी होत आली होती, एवढंच कारण होतं.

तिने ताईला लगेच फोन लावला. "माह्या डोक्याले काही झालं नाही वं. तुह्या भावाच्या हाताले झालं." ताई आधी हसली, मग तिला कळलं, मग तिने फोन माझ्याकडे मागितला. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

फळी मी पाठवली नाही. शिकवणाऱ्या बाईला लिहिलं की त्यातल्या वस्तू माझ्या नव्हत्या, न विचारता घेतल्या होत्या. तिचं उत्तर आलं की काळजी करू नकोस, सापडलेल्या वस्तू वापरणं या माध्यमात पूर्ण मान्य आहे. मी लॅपटॉप मिटला. खरं सांगायचं तर त्या काचेत माझ्या जागी दुसऱ्या कुणाचं काम लागलेलं पाहून मला जळफळाट झाला, आणि घरी येऊन आईसमोर बसताना त्याची शरम वाटली. दोन्ही एकाच दिवशी.

कमी पडलेल्या वाती आईने पुन्हा वळल्या. मी वळलेल्या तिने घेतल्या नाहीत. विमानं नीट सुरू झाल्यावर ती परत गेली, ताई तिला घ्यायला नागपूरला आली, आणि दोघींनी देवीपुढे त्या लावल्या. ताईने व्हिडिओ पाठवला. ज्योती दिसतात, धूर दिसतो, आणि कडेला आई, पेटवण्याआधीचं शेवटचं ताट मोजताना. मोजून झाल्यावर ती मागे वळून पाहते, आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला लागते. पूर्वी ती एकदाच मोजायची.