डॉक्टरबाईंनी अंगावर घेतलेली चूक

सोनाळ्याच्या आमच्या डॉक्टरबाईंनी माझ्या आईला वाचवलं. हे आधीच लिहितो, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की त्यांचंच काही चुकलं. चुकलं ते आमचं. त्यातही माझं जास्त.

मी आठवीतून शाळा सोडली, आता सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. आईला बीपी. गोळी घेतली की शेतात चक्कर येते, म्हणून ती घ्यायचीच नाही. मला हे फोनवर कळलं होतं.

"डॉक्टरबाई इचारतीन तं काय सांगू?" आईनं विचारलं.

"घेतो म्हन. उगाच रागावतीन," मी म्हणालो.

तपासणीला बीपी वाढलेलंच निघे. "रोज घेता ना, मावशी?" बाई विचारत. "हाव बाई, रोज." बाईंना ते खरं वाटे, आणि त्या डोस वाढवत.

यंदा पोळ्याला घरी गेलो. आईचा चेहरा सुजलेला दिसला आणि मी घाबरलो. मला तशी कशाचीही लवकर भीती वाटते. मग मीच समोर बसून चिठ्ठीवरच्या सगळ्या गोळ्या तिला द्यायला लागलो. तो डोस गोळ्या न घेतल्यामुळेच वाढत गेला होता, हे डोक्यात आलंच नाही. बीपी एकदम खाली जाऊन आई चुलीपाशी कोसळली.

दवाखान्यात सलाईन लागलं. मामा बाईंवर ओरडत होता, "काय देल्लं हो तुमी? चांगली हिंडत-फिरत होती माही बहीण!"

बाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "खरं काय ते सांग."

आई डोळ्यांनीच नको म्हणत होती. तरी मी सांगितलं. "बाई, आई गोळ्या घेतच नव्हती. खोटं बोलाले मीच सांगतलं."

बाई आईकडे वळल्या. "चक्कर येते एवढं सांगितलं असतं तर गोळी बदलून दिली असती. माझी एवढी भीती वाटते?"

"भीती नाई व बाई. तुमी जीव लावून सांगता. नाई घेतली असं सांगाले लाज वाटे."

मामा आत आला, तर बाई म्हणाल्या, "डोस जास्त होत होता. कमी केलाय." आईबद्दल एक शब्द नाही.

"पाह्यलं बे? कबूल झाली!" मामा मला म्हणाला. मी गप्प उभा राहिलो. ते गप्प राहणं अजून जिवाला लागतं.

आई आता नवी गोळी नेमानं घेते, बरी आहे. पण परवा फोनवर म्हणाली, "बाजारात बाया म्हंतात, त्या डॉक्टरनीकडे जाऊ नोका, लय गोळ्या देते. मी मान खाली घालून निंगून येतो."

बाई, दिवाळीला मी येतो. आईची लाज तुम्ही झाकली, तिला मीही दोष लागू देणार नाही. पण खोटं बोलायला शिकवणारा मी होतो, हे आधी मामाला आणि मग बाजारात दहाजणांसमोर सांगीन. तुमचं गेलेलं नाव तुम्हाला परत मिळेपर्यंत सांगत राहीन.