तांब्याच्या धुळीचं वाळवण

पटांगणावर चार बाया पायांनी ओळी पाडत माल उलटत होत्या. अनवाणी. वाफवलेलं धान उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी वाळवताना उलटतात, अगदी तसंच. फक्त हे धान नव्हतं. तांब्याच्या भट्टीतली धूळ होती.

मी तांब्याच्या कारखान्यातून रिटायर होऊन कुडव्यात राहतो. गोंदियाजवळच्या या राइस मिलच्या सेठनं मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. सल्ला कसला, त्याला शाबासकी हवी होती.

तांबं वितळवताना धूर निघतो. चिमणीत जाण्याआधी त्यातली बारीक धूळ पकडतात. तिच्यात तांबं, बिस्मथ आणि चिमूटभर चांदी असते. चांदी म्हटलं की सेठ लोकांचे कान टवकारतात. पण त्याच धुळीत आर्सेनिकही असतं. ते बंद टाकीत वेगळं करून घट्ट बांधून टाकावं लागतं. सेठनं काय केलं? ही धूळ विकत आणून धान भिजवायच्या हौदात भिजवली. तांबं उतरून पाणी निळं झालं, तेव्हा पेढे वाटले. उरलेला गाळ वाळत घातला.

"सेठजी, यात आर्सेनिक आहे."

"हां, रिपोर्ट में था. थोडा-बहुत तो चलता है."

"आणि बायांना बूट?"

"बूट पहनके धान कौन पलटता है, साहब?"

धान! या माणसाच्या डोक्यात नुसता भुसा भरला होता. शेजारी त्याचा मॅनेजर मान डोलावत होता. त्याचा अनुभव कोंड्यातून तेल काढण्याचा.

बाया ऐकत होत्या, पण पाय चालूच. आर्सेनिक म्हणजे त्यांना एखादं खत वाटलं असावं. सगळ्यांत थोरल्या कुंताबाईंच्या घोट्यांवर लाल चट्टे उठले होते.

"बाई, खाजतं का?"

"खाजते जी. मॅनेजर म्हनते, नव्या सिमेटाची आग हाये."

माझं डोकंच फिरलं. "बाई, हा सोमल आहे."

त्या जागीच थांबल्या. "उंदराले घालतेत तो सोमल?"

"तोच."

"निंगा वो बाहीर! आमाले तांब्याची राख हाये म्हनून सांगून राहिले होते!"

पटांगण रिकामं झालं. मी त्यांना नळावर पाय धुवायला लावले आणि सेठच्याच गाडीतून दवाखान्यात पाठवलं.

सेठ माझ्यावर भडकला. "आर्सेनिक बोलना था ना! सोमल काहे को बोला?"

मग मी तक्रार केली. मिलला सील लागलं, धूळ बंद पिंपांतून गेली, हौद फोडावा लागला. कुंताबाईंचे चट्टे बरे व्हायला वेळ लागला. सेठ अजून गावभर सांगतो, साहेबाच्या एका शब्दानं धंदा बुडाला. एवढं मात्र तो खरं बोलतो.

विषाचं नाव ज्याच्या पायाखाली ते आहे त्याच्या भाषेत सांगावं. इंग्रजीत ते फक्त सेठच्या सोयीचं असतं.