खुर्च्या किती पाहिजेत?

नव्या मध्यवर्ती वाचनालयाचा नकाशा काढायला नागपूरहून एक आर्किटेक्ट आला. तरुण, हसरा, चहा बिनसाखरेचा पिणारा. त्याने पहिलाच प्रश्न मला विचारला, "मॅडम, खुर्च्या किती पाहिजेत?" मी जुन्या वाचनालयात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकं किती, कपाटं किती, कोणत्या कपाटाला वाळवी लागली, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण त्या प्रश्नावर मी हातातला चहा खाली ठेवला. वाचनालयाच्या समितीतले एक जण म्हणाले, "थांबा, मॅडम मनात मोजून राहिल्या." सगळे हसले, मीही हसले. मी मोजत नव्हते. मला एक पाठमोरा माणूस दिसत होता, आणि त्याच्या बापाशी मी बोललेलं एक खोटं आठवत होतं. तीन वर्षं झाली, ते खोटं मी निस्तरलं नव्हतं.

आमचं वाचनालय म्हणजे दुकानांच्या वरच्या दोन खोल्या. गाव वाढलं, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या तिथे ले-आउट पडले. कादंबऱ्या नेणाऱ्या बायका कमी झाल्या आणि भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं वाढली. सिहोऱ्याकडून यायची, चिखल्याच्या खाणीतल्या कामगारांची यायची. खुर्च्या चाळीस आणि मुलं दुप्पट. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे हे जिन्यावरूनच गळ्यातले दुपट्टे फेकायचे. दोनदा मारामारी झाली. मग मी खुर्च्यांवर नंबर टाकले, नावं लावली आणि नियम केला: ज्याचं भरतीचं वय निघून गेलं, त्याने खुर्ची सोडायची. नियम चांगला होता. विणकराच्या घरची मी, धागा सरळ लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. खुर्च्या अडवून दिवसभर मोबाइल चोळणारे काही महाभाग होते, त्यांना हाकलायचा तोच रस्ता होता. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तो अकरा नंबरवर बसायचा, सहा वर्षं. सिहोऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला, धान पिकवणाऱ्या घरातला एकुलता एक. दोनदा त्याची निवड अगदी काठावर येऊन राहिली होती. बोलायचा कमी. सगळी पोरं खुर्ची फरफटत ओढायची, हा उचलून मागे ठेवायचा. एवढ्यावरून मला तो आवडायचा, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही. ज्या दिवशी त्याचं वय निघून गेलं त्या दिवशी मी त्याच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "उद्यापासून हा नंबर दुसऱ्याले द्या लागते." तो म्हणाला, "हो मॅडम." वह्या पिशवीत भरल्या, आपल्या दुपट्ट्याने टेबल पुसलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी तिथे एक मुलगी बसली. मला वाटलं, झालं, निस्तरलं.

चार महिन्यांनी, धानाची मळणी आटोपल्यावर, एक म्हातारा जिना चढून आला. हातात कापडी पिशवी. आमच्याकडे नवा तांदूळ निघाला की ज्याचे उपकार वाटतात त्याच्या घरी पहिला नेऊन देतात. तसा तो माझ्यासाठी आणला होता. म्हणाला, "माहा पोट्टा तुमच्याइथं बसते जी, अकरा नंबरावर. तुमी त्याच्यावर ध्यान ठेवता." मग नजर आत टाकत विचारलं, "दिसून नाही राहिला?"

म्हणजे तो रोज डबा घेऊन घरून निघत होता. घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या हातात ती पिशवी, समोर बापाचा चेहरा आणि चाळीस माना माझ्याकडे वळलेल्या. मी म्हणाले, "आत्ताच खाली गेला काकाजी, चहा प्याले. येऊनच राहिला." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. थांबत नाही म्हणाला, बस आहे म्हणाला, आणि उतरून गेला. खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही, याचीच मला पुढे भीती वाटत राहिली.

तो गेल्यावर मुलांपैकी एकाने सांगितलं, "मॅडम, तो तर दिवसभर स्टँडवर बसते." दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसस्टँडवर गेले. तो होता. सिमेंटच्या बाकड्यावर पाठमोरा, मांडीवर पुस्तक, बाजूला डबा. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, याची मान वर होत नव्हती. उसाच्या रसाच्या गाडीमागे मी पाच मिनिटं तरी उभी होते. "चल, वर ये" एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्या मुलीला उठवायचं कसं? एकासाठी नियम मोडला तर उद्या दहा जण येतील. उद्या विचार करून बोलू, असं ठरवून मी परत आले. उद्या काही जमलं नाही, परवाही नाही. पंधरा दिवसांत मुलांकडून कळलं, तो घरून निघाला आणि घरी गेलाच नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली. कुणी म्हणे रायपूरला दिसला, कुणी म्हणे हैदराबादला कुठल्यातरी गेटवर वॉचमन आहे. खरं कुणालाच माहीत नाही.

तेव्हापासून माझी गंमत झाली आहे. कोणत्याही गावी स्टँडवर उतरले की मी आधी माणसांच्या पाठी बघते. भंडाऱ्याला लग्नाला गेले तरी बघते. वाचनालयात दिवसभर खुर्च्या करकरत असतात, आणि मधेच एखादी खुर्ची आवाज न करता मागे सरकल्याचं मला जाणवतं. मान वर करून पाहते तर प्रत्येक जण आपापल्या जागी. मी कुणाला सांगत नाही, लोक म्हणतील ग्रंथपालबाईचं डोकं फिरलं. जिन्यावर म्हाताऱ्या पावलांचा आवाज आला की मात्र मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. बाप विचारायला येईल, याची मी तीन वर्षं वाट पाहिली. तो आला नाही.

आर्किटेक्टचा नकाशा तयार झाला. हॉलमध्ये बारीक चौकोन काढले होते, एकेक चौकोन म्हणजे एकेक खुर्ची. मला प्रत्येक चौकोनात तोच बसलेला दिसला. मी हट्ट धरला, एक खोली अशी ठेवा की जिथे नंबर नाही, नाव नाही, वय नाही. समिती म्हणाली, "मॅडम, तिथं स्टँडवरचे लोक येऊन झोपतील." मी म्हटलं, "झोपू द्या." माझा आवाज चढला होता.

मग गावकऱ्यांच्या सूचना ऐकायला पालिकेच्या सभागृहात सभा ठेवली. कुणी एसी मागितला, कुणी पार्किंग. शेवटच्या रांगेतून एक म्हातारा उठला. मी त्याला ओळखलं, तांदूळ घेऊन आलेला तोच बाप. तो म्हणाला, "एखादा पोट्टा येनं बंद झाला, त घरी कोनी सांगल का जी?" आर्किटेक्ट खूश झाला. म्हणाला, "हो बाबा, हजेरीचं मशीन राहील. आला नाही की तुमच्या मोबाइलवर मेसेज." म्हातारा म्हणाला, "मंग बरं आहे," आणि खाली बसला. वरातीमागून घोडं, असं मी मनात म्हटलं, आणि ते घोडं माझंच होतं.

सभा संपल्यावर मी त्या म्हाताऱ्यांना बाहेर पायऱ्यांवर गाठलं. म्हटलं, "काकाजी, तुम्ही तांदूळ घेऊन आले होते, तवा मी खोटं बोलली. तो चार महिन्यांपासून येतच नव्हता. मीच त्याले उठवलं होतं."

ते पायरीवर टेकले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी बसमधून उतरलो त तो मले स्टँडवर बसून दिसला जी. म्हटलं, काहीतरी बिनसलं, मॅडमले विचारू. तांदूळ द्याचाच होता, तुमच्याइथं चढलो. तुमी म्हणल्या, चहा प्याले गेला. मले बरं वाटलं. वापस जाताना बी तो तिथंच होता, पाठमोरा. म्हटलं, घटकाभर बसला असन, कायले हाका मारा. मी त्याच्या मागूनच गाडीत बसलो." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तीन वर्षं झाली, त्याच्या मायले मी हे सांगतलं नाही. मले वाटते, मी हाक मारली असती त तो राहिला असता. माहीच चूक झाली."

"नाही काकाजी," मी म्हटलं. "तुमची नाही."

एवढं सांगायला मी तीन वर्षं लावली होती.