झुल्यावर ती, चक्कर मला

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीटसा नाही. मी झाशीला एका इंटर कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, फिजिक्स लॅब असिस्टंट आहे. चौतीस वर्षं मुलांच्या हातात लंबक आणि स्टॉपवॉच देतोय. जे मोजता येत नाही ते नसतं, असं मीच मुलांना ऐकवत आलो. आता वय अठ्ठावन्न. खोटं रचायलासुद्धा उत्साह लागतो, तो माझ्यात उरलेला नाही. या सदरात मी भुतांचे, पडक्या विहिरींचे, चकव्याचे अनुभव वाचतो. माझ्या अनुभवात तसलं काही नाही. फक्त मळमळ आहे... वीस वर्षांची मळमळ.

आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. तेव्हा मधेच हिंदी आलं तर सांभाळून घ्या.

झाशीत थंडीत मैदानावर नुमाइश भरते — मेळाच तो. कपड्यांची दुकानं, पाणीपुरी, आणि झुले. आकाशपाळणा असो, हेलकावणारी नाव असो, गरगर फिरणारा ड्रॅगन असो, इकडे सगळ्यांना झुलाच म्हणतात. आमची मुलगी केतकी तेव्हा सात वर्षांची. पहिल्यांदाच आकाशपाळण्यात बसली, आईच्या मांडीवर. दुसऱ्या फेरीलाच तिने असा टाहो फोडला की झुलेवाल्याने पाळणा थांबवला. खाली उतरल्यावर भडाभडा ओकली. मग तीन दिवस ताप. ताप उतरला तरी भीती उतरेना. स्कूटरवर बसवलं की ओकारी, टेम्पोत बसवलं की ओकारी. शाळेत पायी न्यायची वेळ आली.

माझ्या आईने निदान केलं — दृष्ट लागली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत धरून आल्यागेल्या सगळ्यांची नावं घेत तिने केतकीवरून उतरवल्या. आता हे टाकायचं असतं विस्तवात. पण आमच्या नगरा मोहल्ल्यातल्या घरात गॅस. आईला गॅसच्या बर्नरवर मीठ टाकणं पटेना. मग तिने कागदात पुडी बांधून मला दिली. “कोपऱ्यावरच्या हलवायाच्या भट्टीत टाकून ये. मागे वळून पाहू नकोस.”

मी पुडी कोटाच्या खिशात टाकली, कोपऱ्यापर्यंत गेलो, सिगरेट ओढली आणि परत आलो. टाकली म्हणून सांगितलं. हलवाई ओळखीचा, लॅबमधला माणूस त्याच्या भट्टीत मिरच्या टाकताना दिसला असता तर आयुष्यभर चिडवत बसला असता.

आणि आता मूर्खपणाचा कळस. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मधल्या सुट्टीत शिपायाने पेरू कापून दिले. मीठ हवं होतं. कोटाच्या खिशात हात घातला तर मिठाची पुडी! बायकोने दिली असणार... मोहऱ्या दाताखाली आल्या तेव्हा ट्यूब पेटली. पण तोपर्यंत अर्धा पेरू पोटात गेला होता. उरलेला मी बेसिनमध्ये टाकला आणि स्वतःशीच हसलो. घरी बोललो नाही.

केतकी त्याच दिवशी स्कूटरवर बसून घरी आली. हसत.

पुढच्या वर्षी तिनेच नुमाइशीचा हट्ट धरला. मी खाली तिची चप्पल घेऊन उभा, ती एकटी आकाशपाळण्यात. पाळणा सुटला आणि माझ्या पायाखालची जमीन डावीकडे सरकायला लागली. घाम फुटला. पाणीपुरीवाल्याच्या ठेल्याला धरून खाली बसलो आणि तिथेच ओकलो. झुलेवाला धावत आला, पाणी दिलं, म्हणाला, “अंकल, आप तो बैठे ही नहीं थे!”

बसलो नव्हतोच ना मी. तीच तर गोष्ट आहे.

मी पाणीपुरीवर खापर फोडलं, जी मी खाल्लीच नव्हती. पण लॅबमधला माणूस, सवय जाईना. केतकी आईबरोबर ग्वाल्हेरच्या मेळ्याला गेली तेव्हा मी झाशीत घड्याळ लावून बसलो आणि चक्कर आल्या-गेल्याच्या वेळा कागदावर टिपल्या. परत आल्यावर सुनंदाला — माझ्या बायकोला — विचारलं. वेळा जुळल्या. दुसऱ्यांदाही जुळल्या. तेव्हा मी तिला पेरूचं सांगितलं. ती म्हणाली, “केतकीला सांगू नका. पोर झुल्यावर बसायची थांबेल.” ते मला पटलं. वर्षातून दोन-तीनदा मळमळायचं, त्यात काय एवढं! बापाने एवढं सोसायलाच हवं, असं तेव्हा वाटायचं. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो.

पोरगी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि तिने नोकरी कुठे धरावी? इंदूरजवळच्या एका अम्यूझमेंट पार्कमध्ये. पार्क उघडायच्या आधी रोज प्रत्येक झुला रिकामा फिरवून बघायचा, मग स्वतः त्यात बसून बघायचं — हे तिचं काम! सकाळी साडेनऊ ते साडेदहा, आठवड्यातले सहा दिवस. मंगळवारी सुट्टी.

पहिल्या महिन्यात माझं चार किलो वजन उतरलं. साडेनऊला लॅबच्या स्टुलावर बसून टेबल घट्ट धरायचं. हळूहळू मला न सांगता कळायला लागलं की ती कशात बसलीये. गोल फिरणारा असला की जमीन सरकते, नाव असली की पोट पुढेमागे होतं, आणि उंचावरून सरळ खाली पडणारा असला की काळीज घशाशी येतं. समोर पोरं लंबकाचे झोके मोजत असायची. मी त्या लंबकाकडे बघणंच सोडलं.

दमलो होतो हो मी. आणि दमलेला माणूस नीच वागतो.

केतकीसाठी ग्वाल्हेरचं एक स्थळ आलं होतं. पोहे झाले, मुलाच्या वडिलांनी विचारलं, “मुलगी नक्की काय करते?” मी हसत म्हणालो, “काही नाही, मेळ्यात झुलेवाली आहे.” सगळे हसले. केतकीने हातातला ट्रे खाली ठेवला, आत गेली, बॅग भरली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. तिने नोकरी सोडावी म्हणून मी तसं बोललो होतो. खरं कारण सांगितलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. पण अपमान केला, आणि तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. दोन वर्षं एक शब्द नाही. आईला रोज फोन. मी शेजारी बसलेला असलो तरी माझ्यापर्यंत नुसती कुजबुज.

वर्षभराने तिने तिथल्याच एका इंजिनिअरशी कोर्टात लग्न केलं. सुनंदा गेली. मी गेलो नाही — मला बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं नाही म्हणून मीही अडून बसलो. त्या दिवशी साडेअकराला मी घरी कॉटवर पडलो होतो आणि जमीन हळूहळू सरकायला लागली. आकाशपाळणा. सुनंदा परत आल्यावर म्हणाली, हार घातलेले दोघं पार्कातल्या पाळण्यात बसले होते, सगळ्या स्टाफने टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, “तीन फेऱ्या ना?” ती रडायला लागली.

मुलीची फक्त मळमळ माझ्याकडे यायची. मंगळवारी ती येत नसे, तर दिवसभर करमायचं नाही. हे कुणाला सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात मात्र गणित बिघडलं. मळमळ साडेनऊला यायची ती येतच होती, पण आता पहाटे डोळे उघडल्यापासूनच वेगळी एक सुरू झाली. मंगळवारीसुद्धा. हिंगाची फोडणी पडली की तोंडाला पाणी सुटायचं आणि धावत बाथरूम गाठायचं. दात घासताना ओकारी. डॉक्टरसाहेब म्हणाले, “गैस है, मास्टरजी।” सोनोग्राफी झाली, रक्त झालं, सगळं नॉर्मल. पाच आठवडे असेच गेले.

एका संध्याकाळी सुनंदा मेथी निवडत बसली होती. मी फ्रिजमधून कैरीच्या फोडी काढून मीठ लावून खात होतो. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “केतकीच्या वेळी माझं अगदी असंच व्हायचं.”

तिचे हात थांबले. माझेही.

“तिने काही सांगितलंय?” मी विचारलं.

“नाही. म्हणते झकास आहे, खूप भूक लागते.” मग हळू आवाजात, “तिचं महिन्याचं पहिल्यापासून मागेपुढे होतं अहो... तिला कळलंच नसेल. कळणार कसं? तिला काही होतच नाहीये!”

आणि त्याच दिवशी सकाळी काळीज माझ्या घशाशी येऊन गेलं होतं. उंचावरून सरळ खाली. दोनदा.

सुनंदाने तिथल्या तिथे फोन लावला. उद्यापासून झुल्यात बसू नकोस, आधी टेस्ट करून घे म्हणाली. मला पलीकडचं ऐकू येत होतं. “आई, मला काहीही होत नाहीये. हे बाबांनी बोलायला लावलं ना? नोकरी छुडवाने का नया तरीका!” फोन कट. पुन्हा लावला तर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी लॅबचं दार आतून लावलं आणि स्वतःच्या फोनवरून तिला फोन केला. तिने उचलला, कसा काय ते माहीत नाही.

“हाँ... बोला.”

“केतकी, नोकरी सोड म्हणायला फोन नाही केला,” मी म्हणालो. “ते पोह्यांच्या दिवशीचं... मी चुकलो. घाण बोललो. आता पाच मिनिटं ऐक आणि मग काय ते कर.” आणि मी सगळं सांगितलं. पुडी, पेरू, ग्वाल्हेरच्या वेळा, साडेनऊचं टेबल धरणं, लग्नाच्या दिवसाच्या तीन फेऱ्या. शेवटी कैरी. बापाने मुलीला सांगायच्या या गोष्टी नव्हेत, पण सांगितल्या.

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती.

“नुमाइशीत तुम्ही पाणीपुरीवाल्याच्या ठेल्यापाशी बसला होता ना...” ती म्हणाली. “मी वरून पाहिलं होतं. मला वाटलं, मैं गिर जाऊँगी इस डर से बैठ गए. मग मी मुद्दाम हसत होते, जोरजोरात. तुम्हाला दिसावं म्हणून.” मग घाईने, “ठेवते बाबा. साडेनऊ होतायत.”

काय करणार ते बोललीच नाही.

मी स्टुलावर बसलो, सवयीने टेबल धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. साडेनऊ. नऊ पस्तीस. पावणेदहा. सकाळची ती मळमळ होती तिथेच होती, पण जमीन हलली नाही. साडेदहापर्यंत हलली नाही. दोन वर्षांत तिने पहिल्यांदा माझं ऐकलं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. बाहेर पोरं दार वाजवत होती, “सर, प्रैक्टिकल है!”

संध्याकाळी तिचा फोन आला. अडीच महिने झाले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उलट्या होतात का? ती म्हणाली, मला नाही, बाबांना होतात. बाईंना वाटलं थट्टा करतेय.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आता इथेच आहे, नगऱ्यात. डोहाळजेवणाला सुनंदाने हौसेने फुलांचा झोपाळा सजवला. केतकी त्यावर हिरवी साडी नेसून बसली, बायकांनी झोके दिले, आणि मी अंगणात भिंत धरून उभा. खिडकीतून ती माझ्याकडे बघून हसत होती आणि हाताने बायकांना सांगत होती, “धीरे, धीरे।”

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मिठाने असं होतं यावर माझा आजही विश्वास बसत नाही. आई असती तर तिला विचारलं असतं, पण ती नाही. केतकी म्हणते, “परत उतरवून टाका, माझं मला सोसू द्या.” पण विस्तवात काय टाकायचं? ती पुडी तर मी खाऊन बसलोय. अनुभव इथेच संपतो, असं लिहून मी हे सदराकडे पाठवणार होतो.

आज रविवार आहे. जेवण झाल्यावर लिहायला बसलो. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून तीन आठवड्यांवर आहे. केतकी आतल्या खोलीत पंख्याखाली गाढ झोपलीये, इथून दिसतेय. सुनंदा भांडी लावतेय.

दीड वाजल्यापासून माझी कंबर भरून आलीये. खुर्चीत बसून बसून आली असेल असं वाटलं. कळ येते, ओटीपोटाकडे उतरते आणि जाते. सवयीने कागदाच्या कडेला वेळा टिपत गेलो. आत्ता त्या नीट वाचल्या. सुरुवातीला वीस-वीस मिनिटांनी. मग बारा. शेवटच्या तीन, सात-सात मिनिटांनी.

सुनंदाला हाक मारली आहे. ती शेजारच्या गुप्ताजींना गाडी काढायला सांगायला धावलीये. मी टेबल धरून उठतोय. केतकीला उठवायला हवं... ती अजून शांत झोपलीये, तिला काहीच कळलेलं नाही.