पपईच्या फोडी

आज सकाळी पिकलेली पपई कापली आणि त्या गोडसर, उग्र वासाबरोबर मी थेट मुलुंडच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी दहावीत होते आणि चेहरा मुरुमांनी भरला होता. वर्गातल्या मुली चिडवायच्या, म्हणून त्या दिवशी शाळेत न जाता मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मलमं झाली होती, बेसन झालं होतं. मी फळं-भाज्यांना हात लावत नाही म्हणून आई रोज ओरडायची.

बाबा मात्र कधी काही बोलले नाहीत. संध्याकाळी ऑफिसातून येताना ते पालकाची जुडी, गाजरं आणि पपई घेऊन आले. स्वतः पपई चिरून एक ताटली त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन शेजारी बसले.

"डॉक्टर म्हणाले, कातडीलाही आतून खायला लागतं. वेळ लागेल, पण फरक पडेल. चल, दोघं खाऊ."

आई आतून म्हणाली, "अहो, तुम्हाला तर पपईचा वाससुद्धा सहन होत नाही ना!"

"आजपासून होतो," म्हणत बाबांनी डोळे घट्ट मिटून फोड तोंडात टाकली. त्यांचं वाकडं झालेलं तोंड बघून मला हसू फुटलं, आणि मीही खाल्ली.

मुरूम जायला कितीतरी महिने लागले. फळं-भाज्यांनी गेले की वयाने, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी मी आपणहून शाळेत गेले. बाबा माझ्या चेहऱ्यावर इलाज करतायत, असं तेव्हा वाटलं होतं. आज कळतं, त्या चेहऱ्यासकट मला एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.