पायरीवरची पिवळी साडी

स्टुडिओतली धूळ झटकताना बाबांच्या जुन्या चित्रांवर ऊन आलं आणि मी फडकं हातात धरून थबकलो. प्रत्येक घाटावर, प्रत्येक गडाच्या दरवाजात नखाएवढी एक बाई उभी होती. पिवळी साडी, अनवाणी पाय आणि मान अगदी आईसारखी तिरकी!

आईला हाक मारली. चष्मा पुसत ती म्हणाली, "मला एकदाही नेलं नाही रे कुठं. तुला ऊन सोसत नाही, म्हणायचे." मग चित्रातल्या पायऱ्यांवर बोट टेकवून ती कितीतरी वेळ हळूहळू चढत राहिली.

"उद्या मी घाट रंगवायला चाललोय," मी मुजरा करत म्हणालो. "स्वारी येणार का?"

"येते. पण माझ्या पायांत चपला रंगव. तुझ्या बाबांनी इतकी वर्षं तापल्या दगडांवर अनवाणी उभं केलंय मला."