स्टोनहेंजच्या तीन फेऱ्या

त्या सकाळी मी आंघोळ केली, जप केला आणि मग बापूंविरुद्ध तक्रार लिहिली.

बाथजवळच्या हॉटेलच्या खोलीत, पलंगावर बसून, फोनवर. माळ अजून उशाशीच होती.

आज बापूंना जाऊन एक वर्ष झालं.

आपल्या टूरवाल्यांच्या ग्रुपवर ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बापू लंडनमधल्या क्रॉयडनचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या टूरची सोळा सीटर मिनीबस चालवायचे. मी त्याच गाडीवर गाईड. हातात माइक असायचा, म्हणून मला मास्तर म्हणायचे.

लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा. सात दिवसांत सगळं.

उजवीकडे बघा. डावीकडे बघा. फोटोला दहा मिनिटं. टॉयलेट तिकडे. चला, चला.

इतकी वर्षं हे म्हणतोय की संध्याकाळी देवापुढे बसलो तरी तेच डोक्यात चालू असतं.

टूरच्या कागदावर काही ठिकाणांपुढे ‘पॅनोरॅमिक व्ह्यू’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तिकीट नाही, गाडीतूनच बघायचं. स्टोनहेंज त्यातलंच, हजारो वर्षांपूर्वी गोलाकार उभे केलेले प्रचंड दगड. लंडनहून जाताना उजव्या हाताला, लांब माळावर दिसतं. ट्रॅफिक नसेल तर जेमतेम मिनिटभर.

तक्रारीच्या आदल्या दिवशी डावीकडच्या खिडकीशी नगरच्या एक रिटायर्ड शिक्षिका बसल्या होत्या. सगळे उजवीकडे झुकले, फोन वर झाले. दगड मागे गेले.

बाई हळूच म्हणाल्या, "मला नाही दिसलं."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, दगड तर आहेत. नगरला काय कमी आहेत?"

सगळे हसले. बाईही हसल्या. "चौथीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवायचे मी. पुस्तकात बघून. म्हटलं, एकदा खरे बघावेत."

बापूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, घेऊ का फिरवून?"

"घ्या," मी म्हणालो.

हे नीट वाचा. मी ‘घ्या’ म्हणालो होतो.

पुढच्या राउंडअबाउटच्या गोल चौकातून गाडी उलटी वळली. आता दगड डाव्या हाताला आले. बाईंनी काचेला कपाळ टेकवलं आणि ते मागे जाईपर्यंत हलल्या नाहीत. मग बाथच्या वाटेला लागायचं म्हणून पुन्हा वळावं लागलं आणि तिसऱ्यांदा तेच दगड.

"प्रदक्षिणाच झाली म्हणा की, बाई," बापू म्हणाले.

बाईंनी हात जोडले. दगडांना की बापूंना, कळलं नाही.

रस्ता तुंबला होता. पाऊण तास गेला. बाथमधल्या रोमन बाथ्सचा, म्हणजे जुन्या स्नानगृहांत आत जायचा आमचा स्लॉट चुकला, दुसरा मिळाला नाही. दोघातिघांनी गाडीतूनच टूरच्या ऑफिसला फोन लावले. संध्याकाळी मला मेसेज आला : गाडी कुणाच्या परवानगीने वळवली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर लिहिलं. ड्रायव्हरने मला न विचारता वळवली.

कारणं सांगायला बरीच आहेत. ती सांगत नाही.

बापूंना टूरवरून काढलं आणि एअरपोर्टच्या फेऱ्यांवर टाकलं. त्यांना एवढंच सांगितलं की गाडी वळवल्याची लेखी कंप्लेंट आली आहे. कुणाची, ते नाही.

त्यांचा फोन आला. "मास्तर, फोन करणारे माझ्यासमोरच बोलले. हे बाईंनीच लिहिलं असणार. हात जोडले आणि घरी जाऊन लिहिलं. एवढं काय चुकलं हो माझं?"

मी म्हणालो, "माणसं अशीच असतात, बापू."

ते म्हणाले, "असतील. आता कुणासाठी वळवणार नाही मी."

दीड महिन्याने गेले. हार्ट अटॅक. सकाळी, घरीच.

फ्युनरलला सगळे ड्रायव्हर त्या बाईंना बोल लावत होते. मी ऐकत उभा होतो.

वर्षभर जप चालू होता. मणी पुढे सरकायचे, मी तिथेच.

आज क्रॉयडनला वर्षश्राद्ध होतं. बापूंच्या पत्नीने, वहिनींनी, आठवणीने बोलावलं. पानं वाढायच्या आधी मी किचनमध्ये गेलो. वहिनी आणि त्यांची मुलगी सोनल, दोघीच होत्या.

"वहिनी, ती तक्रार बाईंनी नव्हती केली. मी केली होती. आणि खोटी केली होती. बापूंनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं."

सोनल इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "काका, बाबाचा मन किती दुखला होता, यू हॅव नो आयडिया. सारखा म्हणायचा, मी त्या लेडीला काय केला?"

वहिनींनी गॅस बंद केला.

"वर्षभर मी त्या बाईला शिव्याशाप दिले, भाऊजी. देवापुढे बसून दिले."

वहिनींनी ताट उचललं.

"पान वाढते. जेवून जा. आजच्या दिवशी कुणाला उपाशी पाठवायचं नाही." मग पाठ फिरवून म्हणाल्या, "पुढे यायचं की नाही, ते मी कळवीन."

जेवलो. पानात काही टाकलं नाही.

आता परतीच्या ट्रेनमध्ये हे लिहितोय. ऑफिसला मेल गेला आहे, खरं काय घडलं त्याचा. उत्तर काय यायचं ते येवो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नगरच्या बाईंना नावं ठेवली आहेत. त्यांनी बापूंविरुद्ध एक ओळही लिहिली नव्हती. इथून पुढे नावं ठेवायची ती मला ठेवा.

बापू, हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. तेव्हा नाही जमलं.

आज तुमच्या घरी सांगितलं. ऑफिसला सांगितलं. इथेही सांगितलं.

बापू, नमस्कार करतो.